सत्तेचाळिसावा जबाब

यंत्रानं पहिल्याच दिवशी जी आई काढून दिली, तिचे दात इतके पांढरेशुभ्र होते की ताईनं विचारलं, ही कुठल्या टूथपेस्टची. मागे सोनेरी उजेड, केस वाऱ्यावर उडतायत, गालांवर लाली, आणि हसू असं की समोर कॅमेरा आहे हे बाईंना पक्कं ठाऊक असावं. ताईच्या मुलीनं, पेन्सिलरावांच्या भाचीनं, एकच ओळ लिहिली होती: "एका प्रेमळ आईचं चित्र काढ." पेन्सिलराव खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, एवढ्याशा वर्णनावर आमच्या खात्यात कुणी हरवलेलं कुत्रंसुद्धा शोधून दिलं नसतं.

पेन्सिलराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, खात्यातल्या लोकांनी ठेवलेलं. बत्तीस वर्षं त्यांनी पोलिसांच्या कचेरीत एकच काम केलं. कुणाच्या घरात चोर शिरला, कुणाची पर्स हिसकावली, की ज्यानं पाहिलं त्याला समोर बसवायचं, त्याचं ऐकायचं, आणि आपण कधीही न पाहिलेल्या माणसाचा चेहरा कागदावर उतरवायचा. हजाराच्या वर चेहरे त्यांनी असे काढले. त्यातले निम्मे पकडले गेले. उरलेल्यांबद्दल पेन्सिलरावांचं मत असं, की दोष साक्षीदारांचा.

एवढं करून स्वतःच्या आईचा चेहरा मात्र त्यांनी कधी काढला नव्हता, कारण तो त्यांना माहीतच नव्हता. आई गेली तेव्हा ते दहा महिन्यांचे होते आणि ताई आठ वर्षांची. आईचा एकुलता एक फोटो वडिलांनी त्या दिवसांत दुःखाच्या भरात फाडून टाकला आणि मग उरलेला जन्म त्याचा पस्तावा करत काढला. वडील गेले, मावशी गेली, आत्या गेली. आईला डोळ्यांनी पाहिलेलं असं या जगात आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे ताई.

आणि ताईचे डोळे चालले होते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत होता. डॉक्टरांनी समजावलं होतं, की पूर्ण अंधार होणार नाही, कडेचं दिसत राहील, पण समोरचं, अगदी मधोमधचं, जाईल. म्हणजे दार दिसेल, पण दारात कोण उभं आहे त्याचं तोंड दिसणार नाही. हे व्हायला फार तर सहा-आठ महिने. त्यानंतर कुणी आईचं हुबेहूब चित्र काढून पुढ्यात ठेवलं तरी ते बरोबर आहे की चूक हे सांगणारं कुणी नसणार. म्हणून ही सगळी धावपळ.

ताईनं तरुणपणी दोन-तीनदा भावाला म्हटलं होतं, की मी सांगते, तू काढ. तेव्हा पेन्सिलरावांनी रुबाबात सांगितलं होतं, की घरची केस मी घेत नाही. खरं कारण त्यांचं त्यांना ठाऊक होतं. चुकीचा चेहरा निघाला तर तो चोराच्या चेहऱ्यासारखा फाईलमध्ये लावून मोकळं होता येणार नव्हतं. आता निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी उजवा हात थरथरायला लागला. साधी सही करायची तर कागद डाव्या हातानं दाबून धरावा लागे. शहाणपण सुचलं, पण हात गेल्यावर. याचा राग त्यांना स्वतःवर होता आणि तो ते सोयीनं इतरांवर काढत.

यंत्राची कल्पना भाचीची. ती एका मोठ्या कंपनीत लोकांना याच गोष्टीचे धडे देई: यंत्राकडून काम करून घ्यायचं तर त्याला सांगायचं कसं. तिच्या घरी मोठा पडदा होता, बाहेरची खोली उजेडाची होती, आणि रविवारी दुपारी नवरा मुलांना घेऊन पोहायला जाई. तेव्हा तिघांनी तिथे बसायचं ठरलं. भाची टाइप करणार, ताई सांगणार आणि पेन्सिलराव वैतागणार, असे कामाचे वाटे आपोआप पडले.

टूथपेस्टवाली आई बाद झाल्यावर ताई म्हणाली, आपली आई साधी होती, घरात पैशाची ओढाताण होती, तसं लिही. भाचीनं तसं लिहिलं. यंत्रानं "नक्कीच!" म्हणून दुसरी बाई दिली. फाटके कपडे, विस्कटलेले केस, मागे पडकी भिंत, आणि डोळ्यांतून ओघळणारा एक टपोरा अश्रू. पेन्सिलरावांनी कपाळाला हात लावला. ओढाताण म्हटलं की रडकी बाई काढायची, हे कुणी शिकवलं याला? त्यांनी भाचीला फर्मावलं, की लिही, अश्रू नको, अजिबात अश्रू नको. तिसऱ्या चित्रात बाईच्या दोन्ही डोळ्यांतून अश्रू होते.

भाची शांतपणे म्हणाली, "मामा, काय नको ते सांगितलं की त्याच्या डोक्यात तेच राहतं. काय हवं ते सांगायचं."

पेन्सिलराव म्हणाले, हे म्हणजे गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. मग त्यांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि जाहीर केलं, की इथून पुढे जबाब मी लिहून देणार. यंत्राला द्यायच्या सूचनेला भाची प्रॉम्प्ट म्हणे, तो शब्द त्यांच्या तोंडी बसत नव्हता. कुणीतरी पाहिलेलं सांगतंय, कुणीतरी न पाहिलेलं काढतंय, याला त्यांच्या भाषेत जबाबच म्हणत. भाचीनं हसून फाईललाही तेच नाव दिलं आणि प्रत्येकाला नंबर घालत गेली.

चौथा जबाब त्यांनी बत्तीस वर्षांच्या सवयीनं सांगितला. स्त्री, वय अंदाजे अठ्ठावीस, बांधा सडपातळ, उंची मध्यम, वर्ण सावळा, चेहरा उभट, कपाळ रुंद, केस काळे, ओळखीची खूण डाव्या गालावर खळी. एकही शब्द फुकटचा नव्हता. यंत्रानं तितक्याच इमानानं चित्र दिलं: करड्या भिंतीसमोर ताठ उभी असलेली एक बाई, नजर थेट समोर, ओठ घट्ट मिटलेले.

ताई पडद्याजवळ गेली, मान तिरकी करून बघत राहिली आणि म्हणाली, "हिनं काय केलंय रे?"

भाचीला हसू आवरेना. पेन्सिलराव मात्र दुखावले. त्यांच्या हातून आयुष्यभर गुन्हेगारच निघाले, हे त्यांना कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. भाचीनं मग समजूत घातली. म्हणाली, मामा, तुमचं वर्णन चोख आहे, पण तुम्ही ज्याला सांगताय तो कोण आहे ते बघा. तो सांगकाम्या आहे. त्याला तुमचं घर माहीत नाही, काळ माहीत नाही, आजी कोण ते माहीत नाही. आपण अर्धं बोलतो आणि उरलेलं समोरच्यानं समजून घ्यावं अशी आपली अपेक्षा असते. हा समजून घेत नाही. जे सांगितलं नाही तिथे हा जगातल्या सगळ्या बायकांची सरासरी भरतो.

हे पेन्सिलरावांना पटलं, पण पटलं असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते एवढंच म्हणाले, की आमच्याकडे नवीन शिपाईसुद्धा असाच यायचा, त्याला निदान चहा आणायला तरी पाठवता येत होतं.

पुढचे चार रविवार त्यांनी सगळं ओतलं. काळ सांगितला, घर सांगितलं, खोलीतला उजेड कुठल्या बाजूनं येतो ते सांगितलं. आई स्वतःला वर्षातून दोनच नवे कपडे शिवे हे सांगितलं. जबाब एका ओळीवरून दहा ओळींवर गेला, दहावरून पानभर. चित्रं सुधारत गेली यात शंका नाही. दात गेले, लाली गेली, पडकी भिंत गेली. आता पडद्यावर येणाऱ्या बायका खऱ्या वाटत, शेजारच्या घरात राहत असतील अशा. फक्त त्यातली एकही आई नव्हती.

ताई प्रत्येक वेळी पडद्याशी जाई, मान तिरकी करी आणि म्हणे, "जवळ आलंय, पण ही नव्हे."

मग काय चुकलंय, असं विचारलं की ती विचारात पडे. नाक. नाक असं नव्हतं. मग कसं होतं? ताई म्हणे, जरा लांब होतं. लांब केलं की म्हणे, एवढं नाही रे, तुझ्यासारखं होतं, शेंड्याला बसकं. बसकं केलं की म्हणे, आता डोळे वेगळेच दिसायला लागले. एकदा पेन्सिलरावांनी भाचीच्या हातून कळफलक काढून घेतला आणि एका बोटानं स्वतः टाइप केलं: "नीट काढ." यंत्र म्हणालं, "नक्कीच! ही सुधारित आवृत्ती." सुधारित आवृत्तीत बाईनं मान दुसऱ्या बाजूला केली होती. त्यांनी पुन्हा लिहिलं: "अजून नीट." यंत्रानं माफी मागितली आणि बाईच्या कानात डूल घातले.

"असलं सौजन्य काय चाटायचंय?" पेन्सिलराव म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. खात्यात असतो तर याला दोन दिवस कोठडीत बसवला असता, असंही ते म्हणाले. भाची म्हणाली, 'नीट' म्हणजे काय ते तुम्हालाच सांगता येत नाही, त्याला कुठून येणार. यावर ते उठून गॅलरीत गेले आणि खालच्या रस्त्यावरच्या गाड्या मोजत उभे राहिले. बारा मोजल्यावर परत आत आले, कारण हौस म्हणून आलेले नव्हते.

सहाव्या रविवारच्या आधी ताईची तपासणी होती. पेन्सिलराव बरोबर गेले. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी ताईला एक चौकडीचा कागद दाखवला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. ताईनं शांतपणे विचारलं, कुठला ठिपका. बाहेर आल्यावर डॉक्टर पेन्सिलरावांना बाजूला घेऊन म्हणाले, आपण सहा-आठ महिने म्हटलं होतं, पण वेग जास्त आहे. सहा-आठ आठवडे धरा. ताई बाकावर बसून पर्समध्ये चष्म्याचं घर चाचपत होती. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.

त्या रविवारी ताईनं सांगितलं, की आईला खळी दोन्ही गालांना पडायची.

पेन्सिलरावांच्या मनात काहीतरी खटकलं. त्यांनी भाचीला सगळे जबाब पहिल्यापासून पडद्यावर आणायला सांगितले. सेहेचाळीस होते. ते एकेक वाचत खाली आले, जुन्या केसची फाईल चाळावी तसे. चौथ्यात खळी डाव्या गालावर. अकराव्यात खळी नाहीच. एकोणिसाव्यात उजव्या. नाक तीन वेळा बदललं होतं, कपाळ दोन वेळा, भुवया किती वेळा ते त्यांनी मोजलंच नाही. खोली, खिडकी, फरशी, कपडे यांत मात्र ताईनं एकदाही शब्द फिरवला नव्हता. खिडकीची एक काच तडकलेली होती हे तिनं चार वेगवेगळ्या रविवारी त्याच शब्दांत सांगितलं होतं.

इतके आठवडे ते यंत्राला शिव्या देत होते. यंत्र बिचारं सांगितलेलं काढत होतं. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार?

असा साक्षीदार पेन्सिलरावांनी शंभरदा पाहिला होता. खोलीचं सगळं बिनचूक सांगतो आणि चेहऱ्यापाशी आला की दर वेळी नवं बोलतो. अशा माणसाला ते नाकाबद्दल विचारत बसत नसत. त्याला पहिला प्रश्न वेगळाच असे. तो प्रश्न त्यांनी हजार परक्या माणसांना विचारला होता. सख्ख्या बहिणीला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, कारण तिच्या शब्दावर शंका घ्यायची असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी भाचीला पाणी आणायला सांगितलं. ती आत गेल्यावर ते म्हणाले, "ताई, तू कुठे होतीस? तिला बघायचीस तेव्हा तू स्वतः कुठे असायचीस?"

ताई आधी चिडली. म्हणाली, ही काय पोलीसचौकी आहे का, घरात होते, आणखी कुठे असणार. पेन्सिलराव काही बोलले नाहीत. गप्प बसणं हाही त्यांच्या कामाचा भाग होता. ताईनं चष्मा काढला, पदराबिदराची सवय नव्हती म्हणून खुर्चीच्या गादीच्या कोपऱ्यानंच काचा पुसल्या, पुन्हा लावला. भाची पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली आणि दोघांची तोंडं बघून तिथेच थांबली.

"मला तिचा चेहरा आठवत नाही," ताई म्हणाली.

तिनं मग सगळं सांगितलं, भावाकडे न बघता. आधी आठवायचा. आई गेल्यावर वर्ष-दोन वर्षं चांगला आठवायचा, डोळे मिटले की समोर. मग भाऊ बोलायला लागला आणि विचारायला लागला, आई कशी होती. जेवताना विचारायचा, शाळेत जाताना विचारायचा, अंथरुणावर विचारायचा. काहीतरी सांगितल्याशिवाय झोपायचा नाही. एक दिवस तो शाळेतून रडत आला, कुणीतरी चिडवलं होतं, तेव्हा तिनं सांगितलं, की आई हसली की खळी पडायची, अगदी तुझ्यासारखी. तो लगेच गप्प झाला. मग रोज थोडं थोडं. त्याला जे आवडेल ते. नाक तुझ्यासारखं, कपाळ तुझ्यासारखं.

"तुला सांगता सांगता माझी खरी पुसली गेली," ताई म्हणाली. "मला वाटलं, हे यंत्र इतके चेहरे काढतंय, त्यात एखादा खरा येईल आणि दिसला की मी ओळखेन. डोळे जायच्या आत एकदा ओळखू दे म्हटलं. पण आला तरी मला कळेल असं आता वाटत नाही."

साठ वर्षं ज्या बाईला पेन्सिलराव आई समजत आले, ती ताईनं त्यांच्याच तोंडावरून बनवली होती. राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण कुणावर काढावा ते समजेना. अकरा वर्षांच्या पोरीवर काढायचा? चार वर्षांच्या पोरावर? भाचीनं पुढे होऊन दोघांना पाणी दिलं. पेन्सिलरावांनी त्यातलं बरंचसं गुडघ्यावर सांडलं.

त्यांनी पेला खाली ठेवला आणि आवाज होता होईल तेवढा कामाचा केला. म्हणाले, ठीक आहे. चेहरा सोड. तो प्रश्न मी मागे घेतला. तू काय पाहिलंस ते सांग, आणि जे पाहिलं नाहीस त्याला हात लावू नकोस.

ताई म्हणाली, "पाठ."

आई दिवसभर शिलाई मशीनवर असायची. लोकांचे कपडे शिवायची. मशीन खिडकीपाशी, तोंड खिडकीकडे. ताई मागे भिंतीला टेकून जमिनीवर बसायची, कारण बाळाला सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. त्याला मांडीवर घेऊन हलवत बसायचं आणि समोर बघायचं. समोर आईची पाठ. सकाळी तीच, दुपारी तीच. आई मान वळवायची नाही, हात थांबला की काम मागे पडायचं. मशीन मध्येच थांबवून, पुढेच बघत, विचारायची, झोपला का. तेवढंच. हे सगळं आई जायच्या आधीच्या त्या दहा महिन्यांतलं.

आता ताई अडखळत नव्हती. पेन्सिलराव विचारत गेले आणि ती पटापट सांगत गेली. एकदाही 'बहुतेक' म्हणाली नाही. भाची कळफलकाशी जाऊन बसली होती. पेन्सिलरावांनी डोळे मिटून जबाब सांगितला आणि तिनं एक शब्द न बदलता उतरवून घेतला.

"हे दृश्य आठ वर्षांच्या मुलीच्या नजरेतून आहे. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली आहे, म्हणून सगळं खालून वर दिसतं. तिच्या मांडीवर दहा महिन्यांचं मूल झोपलं आहे. चित्राच्या खालच्या कडेला त्या मुलाची पावलं तेवढी येतात. समोर चार पावलांवर एक बाई शिलाई मशीनवर बसली आहे, पूर्ण पाठमोरी. खिडकी तिच्यापुढे आहे, डावीकडची एक काच तडकलेली. उजेड तिच्या दोन्ही बाजूंनी येतो, पाठ सावलीत आहे. मान खाली वाकलेली, त्यामुळे मानेखालचं हाड वर आलं आहे. केस वर गुंडाळून बांधलेले, चार-सहा बटा घामानं मानेला चिकटलेल्या. गळ्यात मापाची पट्टी, तिचं एक टोक पाठीवर. कपड्यावर धाग्यांचे तुकडे चिकटलेले, पांढरे जास्त, एक-दोन निळे. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. उजवं अनवाणी पाऊल पायडलवर, टाच उचललेली, टाचेला भेगा. ती कामात आहे. हे दृश्य रोजचं आहे, त्यात विशेष काही घडत नाही."

शेवटच्या वाक्याशी भाची क्षणभर थांबली. तिच्या वर्गात ती लोकांना हेच शिकवत असे, की संदर्भ द्या, कोण कुठून बघतंय ते सांगा, हवं ते सांगा. सहा वर्षं शिकवूनही असा एक जबाब तिच्या हातून लिहिला गेला नव्हता. तिनं बटण दाबलं.

चित्र वरून खाली उलगडत आलं. आधी खिडकी, मग वाकलेलं डोकं, मग पाठ. ताई उठून पडद्याशी गेली. आता समोरून तिला मधलं दिसत नव्हतं, म्हणून तिनं मान बरीच वळवली आणि डोळ्याच्या कडेनं बघायला लागली. पेन्सिलराव तिच्याकडे बघत होते. चित्राकडे बघायचं त्यांना धाडस होत नव्हतं.

"खांदा अजून खाली," ताई म्हणाली. विचार करायला ती क्षणभरही थांबली नव्हती.

खांदा खाली आला. ताई म्हणाली, पट्टी पिवळी. पट्टी पिवळी झाली. मग ती पडद्याकडे तशीच तिरकी बघत, हळू आवाजात, खोलीतल्या कुणालाच नाही असं म्हणाली, "झोपला."

पेन्सिलरावांनी तेव्हा कुठे मान वर केली. चित्राच्या खालच्या कडेला दोन इवली पावलं होती. म्हणजे हे त्यांनीही पाहिलेलं होतं. रोज, तासन्‌तास, याच जागेवरून. त्यांना आठवत नव्हतं एवढंच. ते रडले. भाचीनं दुसरीकडे तोंड फिरवलं.

जरा वेळानं त्यांनी डोळे पुसून पाहिलं तर चित्राखाली एक ओळ आली होती. अक्षरं बारीक होती, ताईला वाचता येण्यासारखी नव्हती. तिनं विचारलं, काय म्हणतोय तो. पेन्सिलरावांनी वाचून दाखवलं: "ही स्त्री मागे वळून पाहते आहे आणि तिचा चेहरा दिसतो आहे, असं चित्र करून देऊ का?"

सबंध आयुष्य पेन्सिलरावांनी याहून दुसरं काही मागितलं नव्हतं.

ताई चाचपडत मागे आली आणि त्यांच्या शेजारी बसली. त्यांच्या हातावर तिनं हात ठेवला. म्हणाली, "तुला हवं असेल तर करून घे. मी हो म्हणेन."

पेन्सिलरावांनी कळफलक पुढे ओढला. बोट नीट टेकत नव्हतं, दोनदा भलतंच अक्षर उमटलं, ते त्यांनी खोडलं. तिसऱ्यांदा जमलं. त्यांनी लिहिलं: "नको."